घरात मुलगा नाही, म्हणून पावतीही नाही?

इंदिरानगर, नाशिक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : आरोग्य विम्याच्या हप्त्याची पावती न मिळणे, तसेच तुमच्या प्रतिनिधीने त्या पावतीसाठी घरातला मुलगा मागणे

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवरचा आमचा चौथा फोन दहा मिनिटांपूर्वी संपला. सव्वीस मिनिटं चालला. त्यातली अकरा तुमची ती होल्डवरची सतार ऐकण्यात गेली. पॉलिसी नंबर, तक्रार नंबर आणि जन्मतारीख चार वेळा सांगून झालंय, पाचव्यांदा इथे लिहीत नाही. सोबत वेगळा कागद जोडला आहे.

हप्ता 31,460 रुपये. तो घेताना तुमच्या साइटला काहीही त्रास झाला नाही. एक क्लिक, एक ओटीपी, पैसे गेले. त्रास सगळा पावती देताना. ते निळं बटण दाबलं की चक्र फिरतं, आठ-दहा सेकंद फिरतं, थांबतं, आणि पान जिथल्या तिथे.

का उघडत नाही ते मला कळलेलं नाही, असं कृपया समजू नका. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला छोट्या खिडकीचं चित्र येतं, त्यावर लाल फुली. म्हणजे क्रोम ब्राउझरने तुमची पावती पॉप-अप (न मागता उघडणारी जाहिरातीची खिडकी) समजून अडवली. मी त्या चित्रावर क्लिक करून तुमच्या साइटला कायमची परवानगी दिली. पुन्हा बटण दाबलं. खिडकी उघडली, उघडून भलत्याच पत्त्यावर गेली (पावत्यांचं काम तुम्ही बाहेर दिलेलं दिसतंय), आणि त्या पत्त्याने आणखी एक खिडकी उघडायचा प्रयत्न केला. पुन्हा लाल फुली. परवानगी प्रत्येक साइटला वेगळी द्यावी लागते, तुमची तिला कशी चालेल? तिलाही दिली. तोवर 'युवर सेशन हॅज एक्स्पायर्ड'. म्हणजे पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. ओटीपी येतो मिस्टरांच्या फोनवर, आणि मिस्टर जॉगिंग ट्रॅकवर. फायरफॉक्स आणि एज दोन्हीत करून पाहिलं. तेच.

तुमच्या आयटी विभागाला हे ठाऊक असणारच, तरी लिहिते. माणसाने आत्ता क्लिक केलं असेल तर ब्राउझर नवी खिडकी उघडू देतो. तुमचं पान क्लिक घेतं, सर्व्हरला विचारायला जातं आणि रमतगमत परत येऊन मग खिडकी मागतं. तोवर ब्राउझरच्या हिशेबी त्या क्लिकची मुदत संपलेली असते. बेल वाजवून कोपऱ्यावर चहा प्यायला गेलात, तर दार उघडणारा किती वेळ थांबेल? पावतीची पीडीएफ त्याच टॅबमध्ये साध्या लिंकने दिली असती तर हा प्रश्नच आला नसता. हप्त्याच्या आठवणीचे ई-मेल तुम्ही मला आठवड्यातून तीनदा पाठवता. त्यातल्याच एकाला पावती जोडली असती तरी चाललं असतं.

आणि गंमत बघा. 'आमचं ॲप डाउनलोड करा' म्हणून तुमचा जो डबा अख्खं पान झाकतो, त्याला पॉप-अप अडवणारा कोणताच ब्लॉकर अडवत नाही, कारण ती नवी खिडकी नाही, त्याच पानावर ओढलेला पडदा आहे. म्हणजे मला नको ते दारातून थेट आत येतं, आणि मी पैसे मोजलेत ते बाहेर अडतं.

आता तिसऱ्या फोनबद्दल. तो मी बाजारात असताना मिस्टरांनी केला होता. तुमच्या बाईंनी त्यांना सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स असं नेलं आणि तिथे सगळ्या साइट्सना मोकळं करून टाकायला सांगितलं. त्याच पानावर खाली एकाच साइटचं नाव घालायची सोय आहे, ती नाही सांगितली. एका पाहुण्यासाठी वाड्याचे सगळे दरवाजे काढून ठेवायचे! पावती तेव्हाही आली नाहीच (सेशन एक्स्पायर्ड). तिसऱ्या दिवशी मिस्टर कुठल्याशा साइटवर पंचांग बघत असताना एकामागून एक खिडक्या उघडल्या. शेवटची पडदाभर. लाल अक्षरं, कर्कश बीप, 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा'. मी पोळ्या लाटत होते. बाहेर आले तर मिस्टरांचे सहा आकडे दाबून झाले होते. मी पिठाच्या हाताने भिंतीवरचं बटण बंद केलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे मला माहीत होतं म्हणून निभावलं. नाहीतर पुढचा फोन तुम्हाला नाही, सायबर फसवणुकीच्या 1930 ला करावा लागला असता. ब्लॉकर चालू असता तर हे शंभर टक्के टळलं असतं असा माझा दावा नाही. पण तो बंद करायला लावला कोणी?

हे सगळं मी आज शांतपणे सांगणार होते. मुद्दे कागदावर लिहून बसले होते.

तुमच्या प्रतिनिधीने मी अर्धं वाक्य बोलेपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरवर ब्राउझर म्हणून एक गोष्ट असते."

मी म्हटलं, "हो, असते. माझ्याकडे तीन आहेत."

"तीन कॉम्प्युटर?"

"तीन ब्राउझर."

तो थोडा थांबला. मग फार गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, घरात कोणी मुलगा असेल ना, कॉलेजला जाणारा? त्याच्याकडे द्या ना फोन, म्हणजे पटकन होईल."

मी म्हटलं, मला मुलगा नाही. मुलगी आहे, ती बंगळुरूला असते.

"अच्छा. मग शेजारचं कोणी?"

शेजारचं कोणी! माझ्या पॉलिसीची पावती काढायला मी आता जिन्यात उभी राहून 'अहो, कोणाचा मुलगा रिकामा आहे का' म्हणून हाक मारू? मी विचारलं, मुलाने येऊन नेमकं काय करायचं तेवढं मला सांगा, मी तेच करते. त्यावर वायफाय बंद करून चालू करायला सांगितलं. केलं. मग म्हणाला, "इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ट्राय करा मॅडम, आमची साइट त्यात बेस्ट चालते."

इंटरनेट एक्सप्लोरर 11 मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 ला बंद केला. त्याची वर्षश्राद्धंसुद्धा होऊन गेली. मी हे सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणतो, "ते जेन्ट्स लोकांना जास्त माहीत असतं मॅडम." आणि लगेच, श्वासही न घेता, "आणखी काही मदत करू शकतो का?" आणखी! मी उत्तर द्यायच्या आत फोन बंद. दोन मिनिटांत एसएमएस : आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया पाच तारे द्या. ती लिंक मात्र एका बोटात उघडली.

महोदय, अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्समध्ये सत्तावीस वर्षं नोकरी करून मी निवृत्त झाले. 2004 मध्ये विंडोज एक्सपीचं दुसरं सर्व्हिस पॅक आलं आणि एक्सप्लोररमध्ये पहिल्यांदा पॉप-अप ब्लॉकर आला. पानाच्या वर पिवळी पट्टी यायची. आमच्या ऑफिसात बँकेचं स्टेटमेंट उघडेना, सगळे हवालदिल. त्या पट्टीवर क्लिक करून बँकेपुरती परवानगी कशी द्यायची, हे बारा जणांना मी शिकवलं. त्यातले नऊ जेन्ट्स होते. तेव्हा 'पूर्ण बंद करा' असं मी कोणालाही सांगितलं नाही. वीस वर्षं उलटून गेल्यावर तुमची कंपनी ते सांगते.

नव्वदच्या दशकात ट्रायपॉड या साइटवर काम करताना पॉप-अप जाहिरातीचा कोड लिहिणारे इथन झुकरमन यांनी 2014 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्यांनी जाहिरातीसाठी खिडकी काढली होती. तुम्ही पावतीसाठी काढता. आणि माफी मागायची वेळ आली की सतार लावता.

गंगापूर रोडच्या तुमच्या शाखेतही जाऊन आले. खोदलेल्या रस्त्यांतून रिक्षा वळसे घेत गेली. तिथे सांगितलं, "आता सगळं ऑनलाइन आहे, काकू." काकू म्हटल्याचा राग नाही. मात्र मागच्या टेबलावर प्रिंटर चालू होता आणि त्यातून कोणाच्या तरी पावत्याच बाहेर पडत होत्या, हे मी पाहिलंय.

हे पत्र पोचल्यापासून सात दिवसांत पावती आणि आयकर सवलतीसाठी लागणारं 80 डीचं प्रमाणपत्र माझ्या ई-मेलवर पीडीएफ जोडून यायला हवं. लिंक नको. आमचे सीए तिसऱ्यांदा विचारताहेत आणि 'पॉप-अप अडला' हे कारण आयकर खात्याला चालत नाही. न आल्यास महिना संपताच पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही मला माहीत आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच तक्रार करता येते, आणि सेवेसाठी मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तुमच्या वकिलांना मुंबईहून कसारा घाट चढून यावं लागेल. आणि पुढच्या नूतनीकरणाच्या 45 दिवस आधी पॉलिसी दुसरीकडे पोर्ट करायचा अर्ज देईन. त्या वेळी मला थांबवायला जो फोन कराल, त्यावर पावती का दिली नाही ते आधी सांगा.

अकरा वर्षं तुमच्याकडे आहोत. 2021 मध्ये मिस्टर कोविडने दवाखान्यात होते तेव्हा तुमच्या माणसाने रात्री अकरा वाजता मंजुरी दिली होती, हे मी विसरलेले नाही. त्या रात्री घरातला मुलगा कोणी विचारला नव्हता. म्हणून तर आज जास्त लागलं.

त्या प्रतिनिधीला नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाही. त्याच्यापुढे जो कागद ठेवलाय त्यात इंटरनेट एक्सप्लोरर अजून लिहिलेला असणार. तो कागद बदला.

आपली (अद्याप) ग्राहक

ता. क. : ही तक्रार आधी तुमच्या साइटवरच्या फॉर्ममध्ये भरली होती. 'सबमिट' दाबल्यावर लाल फुली आली. म्हणून स्पीड पोस्टने पाठवत आहे. पोस्टातली मुलगी पावती हातात देते.