साडेपाच तासांची बस

डोंबिवली,
१७ जानेवारी २०२३

ती. आई-बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी साडेअकराच्या सुमारास मी फोन केला, तेव्हा आझाद मैदानाच्या कडेला जमिनीवरच बसले होते आणि आजूबाजूच्या गोंगाटात माझे "पोहोचले, बरी आहे" एवढेच तुम्हांला ऐकू गेले असावे. त्यानंतर आईने दोनदा आणि बाबांनी एकदा फोन केला, पण मी गाढ झोपले होते, म्हणून ते यांनीच घेतले. आईने विचारले आहे की गुडघे शाबूत आहेत का आणि ऐन संक्रांतीच्या दिवशी सुगडे पुजायची सोडून पैसे भरून पळायला जाणे ही कुठली रीत. बाबांनी विचारले आहे की एवढी माणसे रस्त्यावर सोडली, तर त्यांचे नियंत्रण कोण करत होते. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देण्यासारखे नाही. शिंगणापूरच्या चैत्र यात्रेला एसटीच्या जादा गाड्या लावताना तुम्ही आठ-आठ दिवस घरी जेवायलासुद्धा येत नव्हता, ते आम्ही पाहिले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि जानेवारीत रविवारी भरते. कोरोनामुळे २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षे ती झाली नाही, त्यामुळे या वर्षी उत्साह मोठा होता, आणि पूर्ण, अर्धी, दहा किलोमीटर, हौशी लोकांची छोटी दौड, ज्येष्ठ नागरिकांची दौड, दिव्यांगांची दौड अशा सगळ्या मिळून ५५,००० च्या आसपास माणसे होती. मी पूर्ण मॅरेथॉन धावले, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, साधारण दहिवडीहून मोगराळे घाट उतरून फलटण गाठण्याइतके. बाबा, हे अंतर कसे मोजतात ते तुम्हांला आवडेल. गाडीच्या मीटरवर कोणी विसंबत नाही. सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारे एक छोटे यंत्र लावतात, आधी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ती सायकल चालवून यंत्राचा हिशेब पक्का करतात आणि मग प्रत्येक वळणाला आतल्या अंगाने, म्हणजे धावणाऱ्याला जो सर्वांत जवळचा रस्ता सापडू शकेल त्याच रस्त्याने, मोजणी करतात. त्यावरही किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात, कारण मार्ग चुकून जरी आखूड निघाला, तर तिथे झालेले विक्रम मानले जात नाहीत.

आता माणसांविषयी. रात्री पावणेदोनला उठले. आईने विचारायच्या आधीच सांगते की एकटी गेले नाही, आमच्या गटातल्या चौघीजणी होतो. मॅरेथॉनसाठी रेल्वे पहाटेच्या जादा लोकल सोडते, त्यातल्या कल्याणहून येणाऱ्या गाडीत आम्ही तीनच्या पुढे डोंबिवलीला चढलो. एरवी जिथे पाय ठेवायला जागा नसते, त्या डब्यात सगळे छातीवर क्रमांकाचा कागद लावलेले, कोणी केळे सोलते आहे, कोणी पायाच्या बोटांना व्हॅसलीन लावते आहे, असे दृश्य होते. तो क्रमांकाचा कागद, ज्याला बिब म्हणतात, आदल्या काही दिवसांत स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. त्याच्या पाठीमागे एक पातळ चिप चिकटवलेली असते आणि आपण रस्त्यावर अंथरलेल्या पट्टीवरून गेलो की वेळेची नोंद आपोआप होते. म्हणून बंदूक सव्वापाचला वाजली आणि मी गर्दीतून सरकत सुरुवातीच्या रेषेवर दहा मिनिटांनी पोहोचले, तरी ती दहा मिनिटे माझ्या खात्यावर पडली नाहीत.

रेषेमागे सगळ्यांना एकत्र कोंबत नाहीत. अर्ज भरताना आधीच्या शर्यतीत लागलेली वेळ प्रमाणपत्रासह द्यावी लागते आणि त्यावरून गट ठरतो. वेगवान लोक पुढे, माझ्यासारखे मागे, प्रत्येक गटाला वेगळे कुंपण आणि वेगळे दार. तुमच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक गाडीला तिचा फलाट. असे केले नाही, तर मागून येणारा जोरात पळणारा पुढच्या सावकाश माणसावर आदळतो आणि पहिल्या किलोमीटरलाच चेंगराचेंगरी होते. हे मी ऐकीव सांगत नाही. कोरोनाच्या आधी एका दुसऱ्या शहरात मी अर्धमॅरेथॉन धावले होते, त्या शहराचे नाव लिहीत नाही. तिथे सगळ्यांना एकाच दोरीमागे उभे केले होते, दोरी सुटताच माझ्या शेजारची बाई पालथी पडली. चौदा किलोमीटरनंतर पाणी संपले होते, टेबलावर नुसते रिकामे खोके होते आणि मी पानाच्या टपरीवरून, पैसे जवळ नसल्यामुळे, उधारीवर बाटली घेतली. त्याहून मोठी गंमत म्हणजे सतरा किलोमीटरची पाटी मला दोनदा लागली. आईला त्या वेळी हे सांगितले नव्हते, आता सांगते.

तो अनुभव मनात असल्यामुळे या वेळी मी पाण्याच्या टेबलांकडेच जास्त लक्ष दिले. टेबले रस्त्याच्या एका बाजूला ओळीने लांबवर मांडलेली होती, त्यामुळे पहिल्या टेबलाशी झुंबड झाली, तरी पुढच्या टेबलांवर हात मोकळा मिळत होता. वरळीच्या एका टेबलावर कॉलेजातली एक मुलगी छोट्या बाटल्यांची टोपणे आधीच सैल करून, बाटली खालच्या बाजूने धरून हात लांब करून उभी होती, म्हणजे धावणाऱ्याला वरचा गळा पकडता यावा आणि बोटांना बोटे लागू नयेत. तिला हे कोणी शिकवले की चार तासांत तिचे तिलाच उमगले, कोणास ठाऊक. मी "थँक यू" म्हटले, तर ती म्हणाली, "मावशी, पुढे मिठाचे पाणी आहे, तेही घ्या." मावशी म्हणवून घेण्याचे वय झाले आहे, त्याला इलाज नाही. पण सल्ला बरोबर होता. इतक्या लांब पळताना नुसते पाणीच पीत राहिले, तर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस भ्रमिष्टासारखा होतो, म्हणून घामावाटे गेलेले मीठही भरून काढावे लागते.

खटकले ते धावणाऱ्यांचेच वागणे. दोन घोट घेऊन भरलेली बाटली रस्त्याच्या मध्यभागी फेकणारे शेकड्यांनी होते. त्या बाटलीवर मागच्याचा पाय पडला, तर घोटा गेलाच. शिवाय चार मैत्रिणी हातात हात घालून आडव्या चालत असतील, तर मागच्याने कुठून जावे? चालणाऱ्याने डाव्या कडेला राहावे, हे सगळ्यांना आधी सांगितलेले असते. आयोजक तरी कोणाकोणाचा हात धरणार?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, ते सांगते. बाबा, या शर्यतीत बस असते. ठरावीक वेळेत शर्यत पूर्ण करून देणारा एक अनुभवी धावपटू हातात किंवा पाठीवर वेळेची पाटी घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लयीत पळतो. त्याला पेसर म्हणतात आणि त्याच्यामागे जो घोळका पळतो, त्याला सगळे धावपटू "बस" म्हणतात. मी साडेपाच तासांची बस पकडली होती. आमचा पेसर पन्नाशीचा, टकलावर रुमाल बांधलेला गृहस्थ होता. सुरुवातीला मरीन ड्राइव्हवर सगळ्यांचे पाय शिवशिवत होते, तेव्हा तो एकसारखा "घाई नको, गाडी वेळेवर आहे" असे ओरडत होता, आणि हे ऐकताना मला दहिवडीच्या स्थानकावरचा तुमचा भोंग्यातला आवाज आठवत होता.

त्याच बसबरोबर आम्ही वांद्रे-वरळी सागरी सेतूवर गेलो. २००९ साली खुला झालेला हा साडेपाच किलोमीटरचा पूल, त्यावर एरवी पायी माणसाला आणि दुचाकीलाही बंदी असते. तिथे बघे नाहीत, बँड नाही, दोन्हीकडे समुद्र आणि हजारो बुटांचा एकसारखा सपसप आवाज. वाऱ्याने अंगावर काटा येत होता. मुंबईत एवढी थंडी क्वचित पडते. पुलाच्या तारांमागून कोवळे ऊन येत होते, तेव्हा घोळक्यातले बोलणे आपोआप बंद झाले, पेसरचेही.

शर्यतीत खऱ्या अर्थाने पळणाऱ्यांना आमच्यानंतर दोन तासांनी सोडतात, आणि तरी ते आम्हांला गाठून पुढे जातात. पुरुषांत इथिओपियाच्या हायले लेमी याने २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत मुंबईचा नवा विक्रम केला. भारतीयांत गोपी टी. पहिला आला आणि आपल्या महाराष्ट्राचा कालिदास हिरवे तिसरा. आपल्या मोहीची ललिता बाबर याच रस्त्यावर भारतीय महिलांमध्ये तीन वेळा पहिली आली होती आणि पुढे २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या (स्टीपलचेस) शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. मीही माण तालुक्यातली आहे म्हटल्यावर गटातल्या मुली माझ्याकडून उगाचच अपेक्षा ठेवतात.

तिसाव्या किलोमीटरपर्यंत मी बसमध्ये होते. शरीरात साठवलेली साखर साधारण तेवढ्याच अंतराला संपत येते, हे वाचून माहीत होते, पण पायांना माहीत नव्हते. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर नेमका त्यानंतर येतो. मोगराळे घाटापुढे तो चढ म्हणजे काहीच नाही, तुमची गाडी तिथे गिअरही बदलणार नाही. पण माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला आणि मी कडेला थांबले. पाटीवरचा साडेपाचचा आकडा वळणाआड जाताना दिसला. स्थानकात धावत यावे आणि डोळ्यांदेखत एसटी फाटकाबाहेर पडावी, अगदी तसे झाले.

आई, तिथे मला संक्रांत भेटली. पेडर रोडचे रहिवासी दरवर्षी घराबाहेर येऊन धावणाऱ्यांना संत्री, चिक्की, बिस्किटे, मीठ असे काहीबाही देतात. काठापदराचे लुगडे नेसलेल्या, तुझ्याच वयाच्या एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचा डबा आणि शेजारी वेदनाशामक स्प्रे घेऊन उभा नातू. त्याने काही न विचारता माझ्या पोटरीवर फवारा मारला आणि आजींनी तिळाची वडी हातावर ठेवून, अशा वेळीही न चुकता, गोड बोलायला सांगितले. वडी जरा कडक होती, तुझ्यासारखी खुसखुशीत नव्हती. पण त्या वेळी ती तोंडात घोळवत मी चढ चालत संपवला, उतारावर पुन्हा पळू लागले आणि ५ तास ३८ मिनिटांनी सीएसएमटीसमोरची शेवटची पट्टी ओलांडली. बस आठ मिनिटे आधी पोहोचली होती. टकलावर रुमाल बांधलेले ते गृहस्थ मात्र पलीकडे उभे राहून मागे राहिलेल्या प्रवाशांची वाट पाहत होते आणि मला पाहून त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवले.

आईच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की गुडघे ठीक आहेत, मांड्या मात्र अजून भरलेल्या आहेत आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चार महिने आठवड्यातून चार दिवस सराव केला होता आणि रविवारचे अंतर हळूहळू वाढवत ३२ किलोमीटरवर नेले होते, म्हणून एवढ्यावर निभावले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. भरलेल्या पैशांत रस्ते, पाणी, डॉक्टर, रुग्णवाहिका हे सगळे येते आणि कितीतरी लोक एखाद्या संस्थेसाठी देणग्या गोळा करत धावतात, एवढे सांगू शकते, पण तुझे समाधान त्याने होणार नाही, हे मला माहीत आहे.

बाबा, साठ वर्षांवरच्यांची दौड चार किलोमीटरच्या आसपास असते. तुम्ही रोज सकाळी त्याहून जास्त चालता. अर्ज सुटले की मी विचारीन. आत्ता हो किंवा नाही म्हणू नका.

संक्रांतीचे वाण रथसप्तमीपर्यंत चालते, म्हणून शुक्रवारी, २७ तारखेच्या रात्रीच्या एसटीने निघून शनिवारी सकाळी पोहोचेन. आईने सुगडे बाजूला ठेवावीत. पदक बरोबर आणते. आरक्षण अजून केलेले नाही. पाय लांब करून बसता येईल, अशी कोणती जागा असते, तेवढे बाबांनी फोनवर कळवावे.

तुमची,
मनीषा