कपडेपट सांभाळणाऱ्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या हौशी संस्थेच्या ‘मोरूची मावशी’च्या प्रयोगासाठी आपण नऊवारी नेसवून द्यावी, एवढीच आमची विनंती होती. आपण मात्र तालमींना येऊन बसलात आणि या नाटकात नेमके हसायचे कोणाला, हे आम्हांला समजावून दिलेत. त्यासाठी हे पत्र.

आचार्य अत्रे यांनी ज्या इंग्रजी प्रहसनावरून हे नाटक बेतले, ते ब्रँडन थॉमस यांचे ‘चार्लीज आंट’ १८९२ साली रंगभूमीवर आले आणि लंडनमध्ये त्याचे १,४६६ प्रयोग झाले. यात एक तरुण साडी नेसून मावशीचे सोंग घेतो, तेव्हा मावशी झालेल्या नटाने कंबर लचकवली की हशा पिकतो, यात नवल नाही. पण तो हशा बायकांची थट्टा करणारा असतो, असे आपण पहिल्याच तालमीत बजावलेत. ‘मानापमान’ नाटकातली बालगंधर्वांची नायिका भामिनी पाहताना प्रेक्षकाने आतला पुरुष विसरायचा असे, इथे मात्र तो क्षणभरही विसरायचा नाही, हे आपले म्हणणे आम्ही पाळले. मग आमच्या नटाने लचकणे सोडले आणि काष्ट्यामुळे पाय मोकळे असल्याचा फायदा घेऊन तो खुशाल ढांगा टाकू लागला, गुडघे फाकून बसू लागला, मधूनच नसलेला खिसा चाचपू लागला. (हे शेवटचे आपणच सुचवलेत, प्रयोगात सर्वांत मोठी टाळी त्यालाच पडली.)

त्याहून मोलाची सूचना प्रौढ पात्रांविषयी होती. मूळ नाटकात दोन वडीलधारे गृहस्थ पैशावर डोळा ठेवून या खोट्या मावशीला मागणी घालतात; एक जण नकार मिळताच सुटकेचा निःश्वास टाकतो, दुसरा मात्र पिच्छा सोडत नाही. त्यांना विनोदी करू नका, आवाज खर्जात आणि छाती पुढे असू द्या, खरे सोंग त्यांचेच आहे, असे आपण म्हणालात. मिशीला पीळ देत प्रेम व्यक्त करणारा तो रुबाब आणि बाईच्या नकाराला काडीची किंमत नसते हे प्रथमच अनुभवणारा, साडीतला भांबावलेला तरुण, हे दृश्य माझ्या मते आमच्या प्रयोगात सर्वांत चांगले वठले.

नऊवारी, अंबाडा आणि दागिने सोबत पाठवीत आहे. मानधनाचे पाकीटही आहे. ते या खेपेस तरी परत करू नये, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
दिग्दर्शक