आमच्या आमदारांनी ‘होय’ म्हटले की ‘नाही’?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले सहा महिने मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला, मुलीकडे मुक्कामाला आहे. सकाळी नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचे आणि परतताना कोपऱ्यावरची टपालपेटी उघडून आणायची, एवढीच काय ती माझी इथली नोकरी. पेटीत बहुतेक पिझ्झाची कुपने आणि गारपिटीने फुटलेले छप्पर दुरुस्त करून देणाऱ्यांच्या जाहिराती असतात. त्यातच जावयाच्या नावाने अधूनमधून एक चार पानी पत्र येते. ते या भागाच्या राज्य प्रतिनिधीचे, म्हणजे आपल्या भाषेत आमदाराचे. गृहस्थ रिपब्लिकन आणि पक्के परंपरावादी. कर कमी हवेत, सरकारने लोकांच्या वाटेत येऊ नये, मुलांचे काय करायचे ते आईबापांनी ठरवावे, आणि देवाधर्माला सार्वजनिक जीवनात जागा हवी, हे त्यांच्या प्रत्येक पानावर कुठे ना कुठे येतेच. जावई ते पत्र न वाचताच रद्दीत टाकतो. मी ते तिथून काढून घेतो.

याचे कारण माझ्या पेशात आहे. १९८२ ते २०१५ या काळात मी महाराष्ट्र विधानमंडळात प्रतिवेदक होतो. सभागृहात खाली बसून, सन्माननीय सदस्यांच्या तोंडून निघेल ते लघुलिपीत टिपायचे आणि आपली पाळी संपली की वर जाऊन टंकलिखित करायचे. गोंधळ झाला की कंसात ‘अडथळा’, विरोधक बाहेर गेले की कंसात ‘सभात्याग’. मुंबईची अधिवेशने, नागपूरची हिवाळी अधिवेशने, सगळी अशीच गेली. त्यामुळे कोणी काय बोलले याचे मला फारसे कौतुक नाही. नोंद कशाची राहते, याकडे मात्र माझे लक्ष असते.

तर या पत्रात काय असते? पहिल्या पानावर सहकुटुंब फोटो, मागे झेंडा. तो सोडून द्या, फोटोच्या बाबतीत आपण त्यांना हार जाणार नाही. शेवटच्या पानावर मतदारसंघाच्या बातम्या: कोणता रस्ता रुंद होणार, कोणत्या हायस्कूलची मुले ऑस्टिनचे विधान भवन पाहून आली, ज्येष्ठांच्या अर्जांत अडचण आली तर कार्यालयात कोणाला फोन करायचा, ग्रंथालयात पुढची बैठक कधी. मधली दोन पाने मात्र मी दोन-दोनदा वाचतो. तिथे विधेयकाचा क्रमांक असतो, विषय असतो आणि पुढे ‘मी बाजूने मत दिले, कारण...’ किंवा ‘मी विरोधात मत दिले, कारण...’ असे असते.

इथली विधानसभा दोन वर्षांतून एकदाच, विषम साली जानेवारीत बसते आणि १४० दिवसांत उठते. प्रतिनिधीचा पगार महिना ६०० डॉलर, म्हणजे वर्षाला ७,२००. बैठकीचा भत्ता वेगळा. इतक्या पैशांत डॅलसजवळ घरभाडेही सुटत नाही, म्हणून बहुतेक जण वकिली, शेती, धंदा सांभाळून हे काम करतात. यंदाचे, म्हणजे २०२५ चे, अधिवेशन १४ जानेवारीला सुरू झाले आणि २ जूनला संपले. त्यानंतर आलेले पत्र सर्वांत जाड होते.

त्यात घरपट्टीचा विषय पहिला होता. या राज्यात प्राप्तिकर नाही, त्यामुळे शाळांचा मोठा खर्च घरांवरच्या करातून निघतो आणि लोक त्याने मेटाकुटीला आलेले असतात. राहत्या घराच्या किमतीतून शाळेच्या करासाठी एक लाख डॉलर वजा होत होते, ते आता एक लाख चाळीस हजार करायचे ठरले. पासष्टीच्या पुढच्यांना आणखी सवलत धरून दोन लाख. परवा ४ नोव्हेंबरला लोकांनी मतदानाने त्यावर शिक्कामोर्तबही केले. शाळा कराचा दर ढोबळ एक टक्का धरला तर जावयाचे वर्षाला ४०० डॉलर वाचतील. आमदारसाहेबांचे म्हणणे, हा पैसा मुळात तुमचाच होता. मी मुलीला म्हटले, तुझ्या शाळेला तो पैसा सरकार दुसऱ्या खिशातून देणार, तो खिसाही तुझाच. पण निदान हिशेब डोळ्यांसमोर आहे, त्यामुळे वाद तरी घालता येतो.

शाळेत दिवसभर मोबाइल बंद, या कायद्याच्या बाजूने त्यांनी मत दिले. त्याबद्दल मी त्यांना शंभर पैकी शंभर देईन. नात पहिले आठ दिवस फुगून बसली होती, आता मैत्रिणींशी जेवणाच्या सुट्टीत पत्ते खेळते. प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा फलक लावायचा, तोही किमान सोळा इंच बाय वीस इंच, याही कायद्याला त्यांचा होकार होता. तिथे मी त्यांच्याबरोबर नाही. ज्या वर्गात माझी नात, एक शीख मुलगा आणि दोन-तीन मुसलमान मुली बसतात, तिथे एका धर्माचा फलक सरकारने का टांगावा? काही पालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले आहेत. साहेबांनी कारण दिले आहे की अमेरिकेच्या कायद्याचा पाया या आज्ञांत आहे. मला ते पटले नाही. पण त्यांचे मत काय आणि त्याला त्यांनी दिलेले कारण काय, हे मला नेमके ठाऊक आहे.

खरी गोष्ट पुढे आहे. खासगी शाळेच्या फीसाठी सरकारने पालकांना पैसे द्यायचे, अशी एक अब्ज डॉलरची योजना यंदा मंजूर झाली. एका मुलामागे साधारण दहा हजार डॉलर. रिपब्लिकन गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखे) ग्रेग ॲबट यांचा हा वर्षानुवर्षांचा हट्ट. आणि तो अडवून धरला होता त्यांच्याच पक्षाच्या ग्रामीण आमदारांनी. २०२३ च्या नोव्हेंबरात २१ रिपब्लिकनांनी विरोधी डेमोक्रॅटांबरोबर मत देऊन ही तरतूद विधेयकातून काढून टाकली. त्यांचे दुखणे सरळ होते: गावात खासगी शाळाच नाही, सरकारी शाळा हीच गावातली सर्वांत मोठी नोकरी देणारी, आणि शुक्रवारी रात्री सगळे गाव जमते ते त्याच शाळेच्या फुटबॉल मैदानावर. मग पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या २०२४ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत गव्हर्नर स्वतः त्यांच्याविरुद्ध प्रचाराला उतरले, त्यातले बरेच पडले, आणि यंदा एप्रिलमध्ये विधेयक ८५ विरुद्ध ६३ मतांनी पार झाले. तेव्हाही दोन रिपब्लिकन विरोधात राहिलेच. त्यातले एक, डेड फेलन, आधीचे सभापती.

पक्षाने सूड घेतला नाही असे मी म्हणत नाही. तो घेतलाच, आणि चांगला घेतला. पण त्या एकवीस जणांची आमदारकी विरोधी मत दिले म्हणून कोणी काढून घेतली नाही. ती ठेवायची की काढायची हे लोकांनी मतपेटीतून ठरवले, आणि ठरवताना कोणी कसे मत दिले याची यादी त्यांच्या हातात होती.

सप्टेंबरात ग्रंथालयातल्या बैठकीला जावयाला ओढून मीही गेलो. तीस-चाळीस माणसे, कोपऱ्यात कॉफी. एक निवृत्त शिक्षिका उठली. तिच्या हातात हेच पत्र होते आणि तिसऱ्या पानावर पिवळ्या पेनाने रेघ मारलेली. तिने विचारले, तुम्ही लिहिता की पालकांना निवड मिळावी म्हणून मत दिले. मग खासगी शाळेने माझ्या अपंग नातवाला प्रवेश नाकारला तर ती निवड कोणाची? साहेब जरा अडखळले. अशा मुलांना तीस हजारांपर्यंत मदत ठेवली आहे म्हणाले, पण शाळेवर सक्ती करणे आपल्याला तत्त्व म्हणून मान्य नाही, हेही म्हणाले. बाईंचे समाधान झाले नाही. पण ‘मी त्या दिवशी सभागृहात नव्हतो’ किंवा ‘पक्षाचा निर्णय होता’ असे त्यांना म्हणता आले नाही.

हे पत्र म्हणजे धुतल्या तांदळाचे असे नव्हे. ऑगस्टमध्ये अमेरिकी संसदेच्या लोकसभेसारख्या सभागृहाचे मतदारसंघ मध्येच नव्याने आखून रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढवण्याचा घाट घातला गेला. टेक्सासच्या १५० जणांच्या सभागृहात कामकाज चालायला, म्हणजे गणपूर्तीला, १०० सभासद लागतात (आपल्याकडे २८८ मध्ये २९ पुरतात), म्हणून डेमोक्रॅट आमदार राज्य सोडूनच निघून गेले. वर्तमानपत्रे महिनाभर त्याने भरली होती, आणि साहेबांच्या पत्रात त्यावर जेमतेम चार ओळी. शिवाय या सभागृहात शेजारच्या गैरहजर सभासदाचे मतदानाचे बटण दाबून टाकण्याची जुनी खोड आहे, तीही जगजाहीर आहे.

पण एक गोष्ट ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. इथेही अंतिम मताची नावनिशीवार नोंद बंधनकारक नव्हती. २००७ च्या नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून राज्यघटनेत दुरुस्ती केली: विधेयक अंतिम मंजुरीला येईल तेव्हा प्रत्येकाचे मत नोंदले जाईल आणि ती नोंद इंटरनेटवर सर्वांना पाहता येईल. म्हणजे फक्त अठरा वर्षांची ही गोष्ट. आमचे साहेब कारणे लिहून पाठवतात ती काही अंगच्या सद्गुणाने नव्हे. मत लपवता येत नाही, मग निदान कारण तरी आपल्या शब्दांत सांगावे, एवढा व्यवहार त्यांना कळतो.

आता आपल्याकडे या. १० जुलै २०२५ ला विधानसभेत, नक्षलवादी कारवायांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेले, जनसुरक्षा विधेयक संमत झाले. संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना-हरकती आलेले विधेयक. त्याच्या बाजूने वा विरुद्ध माझे काय मत आहे तो आजचा विषय नाही. सभागृहात विरोध नोंदवणारे एकटे डहाणूचे विनोद निकोले, हे वर्तमानपत्रातून कळले. उरलेल्यांचे काय? आवाजी मतदान. नोंदीत काय राहते ते मी डोळे मिटून सांगतो, तेहतीस वर्षे तेच टंकित केले आहे: ‘प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला.’ खंड अमुक ते तमुक विधेयकाचा भाग झाले. विधेयक संमत झाले. अर्थसंकल्पाच्या मागण्या असोत की एखाद्या विद्यापीठाचा कायदा, तेच वाक्य.

१२ नोव्हेंबर २०१४ ला तर नव्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावही आवाजीनेच संमत झाला. मतविभागणीची, म्हणजे डोकी मोजण्याची, मागणी झाली, पण तोवर निकाल जाहीर झाला होता. ‘होय’ किती आणि ‘नाही’ किती, हे त्या दिवशी सर्वांत जवळून ऐकणाऱ्यांत आम्ही प्रतिवेदक होतो, आणि आम्हालाही ते सांगता आले नसते. मोजायचे मनात असले की आपल्याला मोजता येते: ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे सरकारवरचा विश्वास १६४ विरुद्ध ९९ असा डोकी मोजूनच ठरला.

यावर उत्तर ठरलेले आहे: पक्षादेश, म्हणजे व्हिप. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले. व्हिप मोडून मत दिले, किंवा मतदानाला गैरहजर राहिले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर आमदारकी जाऊ शकते. आयाराम-गयाराम थांबवण्यासाठी केलेला हा कायदा. ते थांबले का, हे महाराष्ट्राच्या वाचकाला मी सांगायला नको. घाऊक पक्षांतर चालू राहिले आणि किरकोळ मतभेद मात्र बंद झाला. १९९० मध्येच दिनेश गोस्वामी समितीने सुचवले होते की व्हिप मोडल्याबद्दल अपात्रतेची तलवार फक्त विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती असावी. ती सूचना धूळ खात पडली आहे.

जुलैत मी इथून आमच्या आमदारांच्या कार्यालयात फोन केला होता (आमचा मतदारसंघ ठाणे जिल्ह्यात, एवढेच सांगतो). विचारले, जनसुरक्षा विधेयकावर साहेबांनी मत कसे दिले आणि का? पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, “काका, पक्षाबरोबरच की.” मी म्हटले, त्या वेळी ते सभागृहात होते का? त्याने विचारून सांगतो म्हटले. मग म्हणाला, “तुमचं काही काम अडलंय का काका? रस्ता, गटार, दाखला?” त्या बिचाऱ्याचाही दोष नाही. वर्षाला पाच कोटींचा आमदार निधी, त्यातून पेव्हर ब्लॉक, बाकडी आणि हायमास्ट दिवे. मतदारसंघाचे वृत्त म्हणजे ते. कायदा करणे हे आमदाराचे काम आहे, हे विचारणाराही त्याला बहुधा वर्षातून एखादाच भेटत असेल.

दहावे परिशिष्ट बदलायला संसद हवी. पण नावनिशीवार मत नोंदवायला घटनादुरुस्तीही लागत नाही. अनुच्छेद २०८ प्रमाणे आपल्या कामकाजाचे नियम सभागृह स्वतः करते. व्हिप असला म्हणून काय झाले? निदान अमुक आमदार त्या क्षणी जागेवर होते की उपाहारगृहात, हे तरी उमटेल. विधेयकाच्या अंतिम वाचनाला नावे नोंदा आणि संध्याकाळी विधानमंडळाच्या संकेतस्थळावर टाका. पाचशे पानांचे कामकाज टंकित करणाऱ्या आमच्या शाखेला हे दोन पानांचे काम जड नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

पुढच्या आठवड्यात मी परत येत आहे. आल्यावर पहिल्याच सोमवारी आमदारांच्या कार्यालयात एक ओळीचा अर्ज देणार आहे: ‘दि. १० जुलै २०२५ रोजी विधेयक मतास टाकले तेव्हा आपण होय म्हटलेत, नाही म्हटलेत, की हजर नव्हतात, ते कारणासह कळवावे.’ दोन प्रती नेईन. एकीवर पोच घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त विधिमंडळ प्रतिवेदक
(ठाणे जिल्हा, सध्या मुक्काम टेक्सास)