गालिच्यावर फिनेल ओतू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यातल्या स्वच्छतेच्या पानावर एक चौकट होती. कुत्र्या-मांजरानं गालिच्यावर लघवी केली तर गरम पाण्यात फिनेल घालून घासा, आणि वास राहिलाच तर ब्लीचिंग पावडर टाका, असा उपाय तीत दिला होता. कात्रण समोर ठेवूनच लिहिते आहे. मी ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, आणि गेली १३ वर्षं आमच्या डोंबिवलीच्या घरात गुंड्या नावाचा गावठी कुत्रा आहे. त्यामुळे या विषयातलं मला दोन्ही बाजूंनी कळतं.

पहिली कबुली माझीच. गेल्या जूनमध्ये गुंड्यानं दिवाणखान्यातल्या भदोहीच्या लोकरी गालिच्यावर पहिल्यांदा घाण केली, तेव्हा मीही गरम पाणीच ओतलं होतं. लघवीत थोडी प्रथिनं असतात, उष्णतेनं ती धाग्याला धरून बसतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मग गालिचे धुणाऱ्या एकाला बोलावलं. त्यानं भरपूर फेस केला, नऊशे रुपये घेतले आणि ओला गालिचा तसाच टाकून गेला. दोन दिवसांनी सगळ्या घराला सार्वजनिक मुतारीचा वास. वरून स्वच्छ दिसत होता, पण एक कोपरा उलटा केला तर खालचं सुती विणकाम चिंब आणि पिवळं.

वास येतो तो असा. ताज्या लघवीला तितकासा वास नसतो. तिच्यातल्या युरियाचं जिवाणू हळूहळू अमोनियात रूपांतर करतात, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाकाला झोंबायला लागतं. शिवाय लघवीतले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. मे महिन्यात 'गेला बाई वास' म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, तो मृगाच्या पहिल्या सरीबरोबर परत हजर. (क्लीनरच्या बाटल्यांवर सगळं खापर युरिक आम्लावर फोडलेलं असतं. कुत्र्या-मांजरांच्या शरीरात त्याचं बहुतेक अलँटोइन नावाचं, पाण्यात सहज विरघळणारं द्रव्य होऊन जातं. त्याला मोठा अपवाद म्हणजे डाल्मेशियन जातीचे कुत्रे. पण जाहिरातवाल्यांना कोण सांगणार?)

आता ब्लीचिंग पावडर. मुरलेल्या लघवीत अमोनिया असतो, आणि अमोनिया व क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइनचा वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. प्रयोगशाळेत आम्ही या दोन बाटल्या एका फळीवरही ठेवत नसू. आणि ब्लीचिंग पावडरीतल्या हायपोक्लोराइटमध्ये लोकर चक्क विरघळते. डाग जाईल, पण त्याच्याबरोबर गालिचाही.

मी आता काय करते ते सांगते. ओलं आहे तोवर जुना पंचा चौघडी करून त्यावर उभी राहते. घासायचं अजिबात नाही, वजनानं टिपायचं. पंचे बदलत राहायचं, कोरडा निघेपर्यंत. मग गार पाणी शिंपडून पुन्हा टिपणं. त्यानंतर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी. आधी गालिच्याच्या लपलेल्या कोपऱ्यात रंग सुटतो का ते बघायचं. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा मिसळण्याचा उपाय फार लोकप्रिय आहे. फसफसताना बरं दिसतं, पण आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारून मोकळे होतात. बाजारात एन्झाइमचे द्रव मिळतात ते खरंच काम करतात, फक्त ते तासन्‌तास ओले राहावे लागतात आणि आधी फिनेल ओतलेलं असेल तर बिघडतात. आणखी एक : प्रथिनं पचवणारं एन्झाइम लोकरीलाही पचवू शकतं, कारण लोकर म्हणजे प्रथिनच. म्हणून ते मी आतल्या खोलीतल्या कृत्रिम धाग्याच्या गालिच्यावर वापरते, भदोहीच्या नाही. शेवटी गालिचा दोन स्टुलांवर आडवा टाकून खालून टेबलफॅन. आमच्याकडे ऑगस्टमध्ये याला दीड दिवस लागला.

जुने डाग शोधायला मुलानं अतिनील प्रकाशाची एक छोटी टॉर्च आणून दिली. रात्री दिवे मालवून ती फिरवली आणि मी मटकन खाली बसले. मला दोन डाग माहीत होते. फिकट पिवळे-हिरवे असे सात उजळले, आणि ते वाटेल तिथे नव्हते. गुंड्याच्या अंथरुणापासून बाहेरच्या दारापर्यंत ओळीनं होते, दाराजवळचा सगळ्यात मोठा. तो दारापर्यंत जायचा प्रयत्न करत होता, आणि पोचत नव्हता. महिनाभर मी त्याला 'म्हातारचळ लागलाय' म्हणून ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेला. सकाळची पहिली लघवी आणा म्हणाले. स्टीलचा जुना डाव झाडूच्या दांड्याला बांधून ती कशी धरली, आणि सोसायटीच्या बागेतल्या सकाळच्या मंडळींनी काय पाहिलं, ते इथे नको. घनता भरली १.०१०. साध्या पाण्याची १.०००. म्हणजे मूत्रपिंडं लघवी दाट करू शकत नव्हती. रक्ततपासणीतही तेच निघालं. म्हणून तो वाडगा वाडगा पाणी पीत होता आणि त्याला धरवत नव्हतं. आता खाणं बदललंय, रात्री अकराला आणि पहाटे चारला खाली नेते. गालिचा कोरडा आहे.

आपली चौकट छापल्यावर तिसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी काळं फिनेल आणलं. त्यांच्याकडे दोन बोके आहेत. काळ्या फिनेलातले फिनॉलसारखे पदार्थ मांजराच्या यकृताला नीट निपटता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं, आणि ते थेट पोटात जातं. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, आणि चौकट जिथे होती तिथेच, तेवढ्याच ठळक अक्षरांत. वहिनींची बाटली मी मागून आणली आहे. सध्या ती आमच्या मोरीत, वरच्या फळीवर आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, डोंबिवली (पूर्व)