कोरोचं चेंडूशिवायचं पळणं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या फुटबॉल संघाचा, एफसी गोवाचा विषय निघाला की फेरान कोरोमिनास, म्हणजे आपल्या सगळ्यांचा कोरो, आठवतो आणि पाठोपाठ 48 हा आकडा येतो. 2017 ते 2020 या तीन हंगामांत इंडियन सुपर लीगच्या 57 सामन्यांत त्याने 48 गोल केले. पहिल्या वर्षी 18, दुसऱ्या वर्षी 16, तिसऱ्या वर्षी 14. पहिल्या दोन्ही वर्षांचे गोल्डन बूट, म्हणजे हंगामात सर्वाधिक गोलांचं बक्षीस, त्याचेच. पुढे बार्थोलोम्यू ओग्बेचे त्याच्या पुढे जाऊन 63 गोलांपर्यंत पोहोचला, पण त्याला 98 सामने लागले. आकड्याचं कौतुक पुष्कळ झालं. ते गोल कशामुळे व्हायचे, हे आपल्या गावागावांतल्या मैदानांवर अजून शिकवलं जात नाही, म्हणून हे पत्र.

गोव्याला भरपूर गोल करणारे नवे नव्हते. गोव्याच्याच डेम्पो क्लबच्या रँटी मार्टिन्सने 2011-12च्या आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय स्पर्धेत 32 गोल केले होते, चर्चिल ब्रदर्स क्लबच्या ओडाफाचा दरारा त्याच्याही आधीचा. त्यांच्यामुळे आपल्याकडे स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा सर्वांत पुढचा खेळाडू, हा दणकट, बचावपटूला अंगावर घेऊन वळणारा गडी, असा समज पक्का झाला. कोरो आला तेव्हा 34 वर्षांचा होता. उंची बेताची आणि धक्काबुक्कीच्या वाटेला तर तो जातच नसे. तरी बचावपटू त्याला पकडू शकत नव्हते, कारण तो त्यांना दिसतच नसे.

त्याची उभं राहण्याची जागा नीट आठवून पाहा. दोन सेंटर-बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, मधोमध तो क्वचितच थांबायचा. एका सेंटर-बॅकच्या पाठीमागच्या खांद्याजवळ, बहुतेक वेळा फुल-बॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) बाजूला, तो रेंगाळत असे. तिथे उभ्या माणसावर लक्ष ठेवायचं तर बचावपटूला चेंडूवरची नजर काढून मान वळवावी लागते. मान वळली की अर्धा सेकंद गेला. मग कोरो दोन-तीन पावलं मधल्या फळीकडे यायचा, जणू पायात पास मागतोय. बचावपटू मागोमाग सरकला की तो उलटा फिरून त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत शिरायचा. बचावपटू सरकला नाही, तर कोरोला वळायला जागा मिळायची. म्हणजे दोन्हीकडून फायदा त्याचाच.

दुसरी गोष्ट ऑफसाइडची, म्हणजे पास सुटताना चेंडूच्या आणि बचावरेषेच्या पुढे असण्याच्या चुकीची. तो सरळ गोलाकडे सुसाट सुटत नसे. आधी बचावरेषेला समांतर, आडवं पळायचा आणि पास सुटता सुटता आत वळायचा. ऑफसाइड ठरतं ते पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी. त्यामुळे आडवं पळणारा वेगात असूनही रेषेच्या अलीकडे राहतो, आणि उभ्या बचावपटूला शून्यातून सुरुवात करावी लागते. चौतिशीतला माणूस विशीतल्या पोरांना मागे टाकायचा, ते एवढ्यामुळेच.

तिसरी गोष्ट पहिल्या स्पर्शाची. चेंडू येतानाच त्याचं अंग अर्धं गोलाकडे वळलेलं असे. पहिला स्पर्श पायाखाली नाही, धावेच्या दिशेने एक-दीड मीटर पुढे. पुढचाच स्पर्श फटका, बहुतेकदा जमिनीलगत. गोलरक्षक पाय रोवून उभा राहण्याआधी चेंडू सुटलेला असतो, म्हणून त्या फटक्याला फार जोरही लागत नाही.

9 डिसेंबर 2017ला आपल्या फातोर्डा स्टेडियमवर केरला ब्लास्टर्सविरुद्ध मध्यंतराला 2-2 होतं. 48व्या, 51व्या आणि 55व्या मिनिटाला कोरोने गोल केले आणि सामना 5-2 झाला. नऊच दिवस आधी, 30 नोव्हेंबरला, बेंगळुरूविरुद्धही त्याची हॅटट्रिक होती. त्या सामन्यात त्यांचा गोलरक्षक गुरप्रीत सिंगला लाल कार्ड मिळूनही दहा जणांच्या बेंगळुरूने 3-3 बरोबरी गाठली होती. निर्णायक चौथा गोल कोरोचाच. लागोपाठ दोन सामन्यांत असं घडतं, तेव्हा त्याला नशीब म्हणता येत नाही.

हे मुलांना शिकवता येतं आणि खर्चही नाही. गोलापासून 25 मीटरवर, एकमेकांपासून 8 मीटर अंतरावर दोन काठ्या रोवा. हे झाले दोन सेंटर-बॅक. पास देणारा आणखी 15 मीटर मागे. स्ट्रायकरने एका काठीच्या बाहेरच्या बाजूने सुरुवात करायची, तीन पावलं पास देणाऱ्याकडे यायचं, मग काठीच्या रेषेला समांतर पळून दोन्ही काठ्यांमधून आत शिरायचं आणि दोनच स्पर्शांत फटका मारायचा. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी आठ वेळा, प्रत्येक वेळी 40-45 सेकंद विश्रांती देऊन. विश्रांती कापू नका. दमलेला मुलगा वेळ साधत नाही, नुसता पळतो, आणि तीच सवय अंगात भिनते. आठवडाभराने काठ्यांच्या जागी खरे बचावपटू उभे करा.

बिघडतं ते बहुतेक एकाच ठिकाणी. पास देणाऱ्याची मान खाली असतानाच स्ट्रायकर सुटतो. मग एक तर ऑफसाइडचा झेंडा वर जातो, नाही तर त्याला थांबावं लागतं आणि थांबलेला स्ट्रायकर पकडायला सोपा. सुटण्याची खूण ठरलेली हवी: मधल्या खेळाडूने चेंडू पुढे ढकलला, मान वर केली, की सुटायचं. शिकवायचं दोघांना मिळून. कोरोच्या मागे पास द्यायला अहमद जाहू होता, पहिल्या हंगामात लान्झारोते होता, शिवाय एदू बेदिया, ह्यूगो बूमूस आणि आपला ब्रँडन फर्नांडिस. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांच्या संघात चेंडू मिळताच आधी पुढे बघायचं, हा शिरस्ता होता. ब्रँडनला त्या तीन वर्षांच्या कौतुकात फार कमी वाटा मिळाला, हे आम्हाला खटकतं.

या पद्धतीला मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. समोरचा संघ स्वतःच्या पेनल्टी बॉक्सजवळ दाटीवाटीने उभा राहिला, तर मागे शिरायला जागाच उरत नाही. 17 मार्च 2019ला अंधेरीत बेंगळुरूविरुद्धच्या अंतिम सामन्यात जादा वेळ धरून 120 मिनिटांत गोव्याला एकही गोल करता आला नाही आणि राहुल भेकेच्या हेडरवर चषक गेला. अशा वेळी कडेने खोल जाऊन चेंडू मागे ओढून देणारा विंगर लागतो, आणि स्ट्रायकरने सहा यार्डांच्या चौकटीकडे धावत जाऊन अचानक थांबायचं असतं. बचावपटू वेगात पुढे निघून जातात, मागे मोकळी जागा उरते. वरच्या सरावात शेवटची पंधरा मिनिटं यालाही द्यावीत.

13 मे 2006ला एस्पान्योल या स्पॅनिश क्लबला स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून खाली घसरण्यापासून वाचवणारा भरपाई वेळेतला गोल याच कोरोचा होता. एवढा अनुभव घेऊन आलेला माणूस तीन वर्षं आपल्या डोळ्यांसमोर खेळला. त्याच्या जुन्या सामन्यांची चित्रफीत मुलांना दाखवाल, तेव्हा त्यांना नजरेने चेंडूचा पाठलाग करू देऊ नका. पडद्यावर बोट ठेवून, पास सुटण्याआधीच्या पाच सेकंदांत कोरो कुठे आहे, तेवढंच बघायला सांगा.

आपले,
फातोर्डा स्टेडियममधले काही नेहमीचे प्रेक्षक, मडगाव