पातं चांगलं असेल तर वस्तरा भंगारात देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की जुन्या सुऱ्या, वस्तरे भंगारवाल्याकडे जातात, म्हणून आत्ताच लिहितोय. बऱ्याचदा पातं एकदम चांगलं असतं, गेलेली असते ती फक्त मूठ.

माझ्या वडलांचं सलून होतं. त्यांचा जर्मनीचा, सोलिंगेनचा वस्तरा गेल्या वर्षी पेटीत सापडला. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, तडकलेली, कापरासारखा वास येत होता आणि मिटल्यावर पातं जिथं मुठीत बसतं नेमका तिथंच गंज. सेल्युलॉइड बनवताना कापूर घालतात आणि ते जुनं होऊन सडायला लागलं की त्यातून ॲसिडची वाफ सुटते, ती पोलाद खाते. पात्याचा काही दोष नव्हता हो!

आम्ही इचलकरंजीचे, कापडाच्या चिंध्यांना तोटा नाही, म्हणून नवी मूठ कापडाचीच केली. पॉपलीनचे तुकडे इपॉक्सीत (दोन भाग मिसळले की घट्ट होणारा गोंद) भिजवून एकावर एक 14 थर लावले, प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन फळ्यांमध्ये क्लॅम्पनी आवळून एक दिवस ठेवले, तेव्हा कुठं 3 मिमीची पट्टी मिळाली. याला मायकार्टा म्हणतात, अमेरिकेत वेस्टिंगहाऊसनं 1910 च्या सुमारास विजेच्या इन्सुलेशनसाठी काढलेला माल, त्यांचं रेझिन, म्हणजे गोंद, वेगळं होतं पण कल्पना हीच. मुठीच्या दोन बाजूंसाठी दोन पट्ट्या लागतात, त्या टेपनं एकत्र चिकटवूनच भोकं पाडा नाहीतर पितळी पिन तिरकी बसते आणि पातं मिटताना मुठीला घासतं, माझी पहिली जोडी अशीच वाया गेली.

पण एक कळकळीनं सांगतो, ही पट्टी कोरडी घासू नका. मी मास्क न लावता कानस चालवली आणि दोन दिवस खोकत होतो, शिवाय ओलं इपॉक्सी हाताला लागून मनगटावर पुरळ उठलं ते वेगळंच. पाणी लावून वॉटर पेपरनं घासा, मास्क आणि हातमोजे हवेतच, पोरं जवळ नकोत. नुसत्या कापडाऐवजी काचेचं कापड वापरणार असाल तर अजून जपा, ती धूळ फार टोचते.

आणि काढलेली सेल्युलॉइडची मूठ दुसऱ्या वस्तऱ्यांच्या डब्यात ठेवू नका, त्यांनाही गंज लागेल, आणि देवघरात किंवा गॅसजवळ तर अजिबात नको, ती भडकन पेटते.

आपला एक वाचक,
इचलकरंजी