23 मार्कांना ‘नको’ म्हणाले

बोलोन्या, इटली, 3 जुलै

प्रिय चिंगे,

मार्चपासून तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत, तेव्हा आधी शिव्या घालून घे. झालं? आता ऐक. मुद्दाम मेल करतेय. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर निळी टिक पडायच्या आत तुझा फोन आला असता, आणि मला फोनवर रडायचं नाहीये. तब्येत ठीक. उजवीकडची दाढ ठणकते, ती सांगलीला आल्यावर बघू.

तर, मी मार्क नाकारले.

हसू नकोस. इथे खरंच तशी सोय आहे. परीक्षा पुष्कळदा तोंडी, 30 पैकी मार्क, 18 ला पास. प्रोफेसरांसमोर खुर्चीत बसायचं आणि मागच्या बाकांवर बाकीची पोरं ऐकत बसलेली. म्हणजे जी काही अब्रू जायची ती भरसभेत. प्रश्न संपले की आकडा सांगतात आणि विचारतात, ‘आच्चेत्ता?’ घेतेस का? हो म्हटलं की तो आकडा कायमचा चिकटला. नको म्हटलं की पुसला, पुढच्या तारखेला पुन्हा या. आपल्याला कुणी कधी विचारलं होतं का गं, ‘बाई, हे 41 चालतील का?’

विषय इकॉनॉमेट्रिक्स. पहिले दोन प्रश्न मस्त गेले. तिसऱ्याला कागदावर समीकरण मांडलं आणि एका ठिकाणी अधिकच्या जागी उणे लिहिलं. बाई काही बोलल्या नाहीत. पेन्सिल उचलली, त्या उण्याभोवती बारीकसा गोल काढला आणि माझ्याकडे बघत बसल्या. मला चूक दिसेना. तो गोल अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मग त्या म्हणाल्या, “व्हेन्तित्रे. आच्चेत्ता?” म्हणजे तेवीस, घेतेस का? आणि मी, चहात साखर नको म्हणावं तशी, “नो, ग्रात्सिए” म्हणून उठले.

आता खरं सांगते, आणि हे फक्त तुलाच. माझ्या आधी एक पोरगा होता, इथलाच. त्याला 26 देत होत्या. त्याने खांदे उडवले, नको म्हणाला, हेल्मेट उचललं आणि गेला. इतकं देखणं वाटलं ते मला! मी त्याची नक्कल केली गं. पण त्याचं घर इथे, जेवण आईच्या हातचं. तो सप्टेंबरात येईल, नाहीतर फेब्रुवारीत. इथे वेळेत न संपवणाऱ्यांना ‘फुओरी कोर्सो’ म्हणतात आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. माझं मात्र गणित वेगळं. पहिल्या वर्षाला 10 ऑगस्टच्या आत 20 क्रेडिट झाले पाहिजेत, त्यावर स्कॉलरशिपचा दुसरा हप्ता. नोव्हेंबरअखेरही नाही झाले तर पहिलाही परत मागतात. माझे झालेत 14. हा पेपर 6 चा. बेरीज तुला येते.

जुलैत आता एकच तारीख उरलीय, 17.

तू काय म्हणणार ते मला इथे ऐकू येतंय. ‘पदरी पडलं, पवित्र झालं.’ एसवायच्या रिचेकिंगला हेच म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही, गणपतीपुळ्याच्या ट्रिपचे पैसे त्यात घातले आणि मार्क वाढायचे सोडून 4 ने कमी झाले! तू दिवाळीपर्यंत बोलली नव्हतीस. पण चिंगे, मला अजूनही वाटतं तू मार्कांसाठी रागावली नव्हतीस, समुद्रासाठी रागावली होतीस. मान्य कर.

त्या दिवशी घरी जायचं धाडस होईना. सरळ सान लुकाच्या डोंगरावर चालत सुटले. खालून वरच्या देवळापर्यंत छप्पर असलेली वाट आहे, जवळजवळ चार किलोमीटर, कमानी 666. मोजत चालले होते, नवस बोलल्यासारखी. 412 ला आईचा फोन. “पेपर कसा गेला?” म्हटलं, “बरा.” ती म्हणाली, “आवाज का असा येतोय?” म्हटलं, “चढ आहे.” हे मात्र खोटं नव्हतं. आकडा चुकला तो चुकलाच, पुढच्या कमानी न मोजता चढले.

इथली पोरं पदवी मिळेपर्यंत आसिनेल्लीच्या मनोऱ्यावर चढत नाहीत, चढलं तर पदवी हुकते म्हणतात. मलाही त्याच्यावर खापर फोडायला आवडलं असतं. पण शेजारचा वाकडा मनोरा गारिसेंदा धोक्याचा ठरल्यापासून, 2023 च्या ऑक्टोबरपासून, दोन्ही बंद आहेत. तेव्हा ते खापर माझ्याच डोक्यावर.

दक्षिण इटलीतल्या पुलियाची माझी रूममेट म्हणते, बरं केलंस, 23 ने सरासरीची वाट लागली असती. तिच्या म्हणण्याला फार अर्थ नाही, ती माझं भडंग खात बोलत होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण हात डब्यात. मार्चमध्ये आलेलं सगळं तिनेच संपवलं. रात्री खोलीत भट्टी असते, एसी नाही, दिवसभर लाकडी झडपा लावून घुबडासारखी बसते. खाली चौकात रोज कुणाची ना कुणाची पदवी साजरी होते. डोक्यावर खऱ्या तमालपत्रांचा हार, आणि मित्र ‘दोत्तोरे, दोत्तोरे’ म्हणत जे गाणं म्हणतात ना, त्याचा अर्थ मला कळला त्या दिवशी मी खिडकी लावून घेतली. विश्रामबागेत म्हटलं तर मार पडेल. पण हार मला हवाय. आमटीत घालायलाही चालेल.

बरं, तुझं. तो मिरजेचा बघून गेला त्याचं काय झालं? बँकेची बदली पुण्यालाच ना? काकांचा गुडघा कसा आहे? सगळं लिही, माझ्यासारखी करू नकोस.

17 ला तुमच्या दुपारी दीडला माझी वेळ आहे. फोन करू नकोस, मीच करीन. आणि आईकडे गेलीस तर काही बोलू नकोस. भडंगाचं पार्सल करायचं म्हणाली तर दोन पाकिटं जास्त सांग, लसूण भरपूर.

तुझी,
घुबड